दिवस मावळण्यापूर्वी

गेल्या आषाढात माझ्या चौदा वर्षांच्या मुलाच्या शाळेत आरोग्य तपासणी झाली. वयाच्या मानाने वजन बरेच अधिक, रक्तदाब पुन्हा तपासून घ्यावा, असा शेरा घरी आला. सांगलीत आमची हळदीची पेढी तीन पिढ्यांची. घरात कंदमुळे वर्ज्य. अशा घरातील मुलाच्या कागदावर असा शेरा यावा, याचा मला राग आला. त्या रात्री मी त्याला चांगलेच सुनावले. बाहेरचे खाणे बंद, मोबाइल बंद, उद्यापासून पहाटे उठायचे! तो मान खाली घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "पप्पा, साडेदहा वाजलेत. आपण आत्ता जेवायला बसतोय."

मी निरुत्तर झालो. माझे वडील दिवस मावळण्यापूर्वी पेढीवरून घरी येत, जेवत आणि काम असल्यास पुन्हा जात. माझ्या काळात व्यवहार वाढले आणि रोजमेळ मिटल्यावरच ताट मांडण्याची रीत पडली. आमची वाट पाहताना मुलगा सातपासून फरसाण, बिस्किटे आणि थंड पेयांवर भूक भागवी. पाकिटावर हिरवा ठिपका दिसला की आमचे समाधान होई. परंतु मैदा, साखर, मीठ आणि वनस्पती तूप हेही त्याच ठिपक्याखाली येतात. हळकुंड मोडून गाभ्याचा रंग पाहिल्याखेरीज भाव न लावणारे आम्ही. मुलाच्या तोंडी जाणारे पाकीट उलटून मागचा मजकूर मात्र कधी वाचला नाही.

दिवाळीच्या सुटीत साताऱ्यास सासुरवाडीला गेलो. सासरे सत्तरी ओलांडलेले. रोज पहाटे अजिंक्यतारा चढतात. त्यांनी नातवाला उपदेश केला नाही. आपल्या बुटांशेजारी त्याचे बूट मांडून ठेवले, इतकेच. तिसऱ्या दिवशी तो आपण होऊन निघाला.

एकदा परतताना वाट वाकडी करून त्यांनी आम्हांस कर्मवीर भाऊराव पाटलांच्या समाधीपाशी नेले. कुंभोजच्या जैन कुटुंबात 1887 साली जन्मलेल्या या पुरुषाने 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. मुले स्वयंपाक, झाडलोट, शेतीची कामे स्वतः करीत. लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. सासरे एवढेच म्हणाले, "अंगाला वळण कामाने लागतं. आणि ते लावणाऱ्यानं आधी स्वतः पदर खोचावा लागतो."

सांगलीस परतल्यावर आम्ही नियम केले, ते सर्वांसाठी. सात वाजता सर्वांचे जेवण. सूर्यास्त रोज साधत नाही, हे प्रांजळपणे कबूल करतो. साडेनऊला सर्वांचे मोबाइल, माझाही, एका टोपलीत. किशोरवयात रोज किमान 60 मिनिटे चांगली हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आठ ते दहा तासांची झोप या वयास आवश्यक मानली जाते. म्हणून पहाटे आम्ही दोघे आयर्विन पुलापर्यंत झपझप चालत जातो. सायंकाळी तो मैदानावर असतो. भाजी निवडणे आणि रविवारच्या भाकऱ्या हे काम त्याने मागून घेतले आहे. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला होता, पण खाल्ली सर्वांनी.

फेरतपासणीत रक्तदाब योग्य निघाला. वजन अद्याप थोडे अधिक आहे, उतरेल.

खरी कसोटी हळदीच्या हंगामात लागली. सौद्यांच्या गर्दीत मी सलग चार दिवस चुकलो. घरी कोणी बोलले नाही. पाचव्या दिवशी सातला पाच मिनिटे असताना पेढीवरचा फोन वाजला. पलीकडे मुलगा होता.

"पप्पा, ताटं वाढलीत. आम्ही थांबलोय."

मी रोजमेळ उघडाच ठेवून घरी निघालो.