खिद्रापूर : कोप शमला ती जागा

नृसिंहवाडीला दत्ताचे दर्शन घेतले, कुरुंदवाड मागे टाकले आणि उसाच्या फडांमधून गाडी खिद्रापूरकडे निघाली. वाटेत सैनिक टाकळी लागते. पिढ्यान्पिढ्या फौजेत मुलगे पाठवणारे हे गाव. शिरोळ तालुक्याच्या या काळ्या, सुपीक मातीत युद्धाची आठवण अशी गावाच्या नावातच भेटते. खिद्रापूर तिथून जवळच, कृष्णेच्या काठावर, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेले.

गावातल्या घरांच्या मधोमध कोपेश्वराचे देऊळ उभे आहे. दारातून आत पाऊल टाकले आणि पहिल्यांदा नजर वर गेली, कारण डोक्यावर छतच नव्हते. हा स्वर्गमंडप. गोलाकार रचलेले ४८ खांब, काही गोल, काही चौकोनी, काही अष्टकोनी. मधल्या १२ खांबांवर छताची वर्तुळे आत आत सरकत येतात आणि सुमारे १३ फुटांचे आभाळ मोकळे ठेवून थांबतात. त्याच्या बरोबर खाली, जवळजवळ तेवढ्याच मापाची गोल शिळा जमिनीत बसवलेली आहे. छताच्या कडेला आपापल्या वाहनांवर दिक्पाल बसले आहेत. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री चंद्र या झरोक्यावर येतो आणि शिळा उजळते. तो सोहळा पाहायला दुरून माणसे येतात.

सभामंडप ओलांडून गाभाऱ्यात गेलो. शिवाच्या देवळात नंदी शोधायची डोळ्यांना सवय, पण इथे नंदी नाही आणि लिंगे दोन आहेत. ओसरीवर बसलेल्या एका आजोबांनी कारण सांगितले. "सती माहेरी दक्षाच्या यज्ञाला गेली ती नंदीवर बसून. म्हणून नंदी हितं न्हाई, तो नदीपल्याड येडूरला. सती गेल्यावर महादेव कोपला. त्याची समजूत काढायला विष्णू आला. कोपला तो कोपेश्वर, समजूत काढणारा धोपेश्वर." रागावलेल्याच्या शेजारी समजूत घालणाराही कायमचा बसला आहे आणि दोघांची पूजा एकाच गाभाऱ्यात होते. मला ही कथा देवळाइतकीच रेखीव वाटली.

बाहेर येऊन प्रदक्षिणा घातली. भिंती चांदणीसारख्या कोनाकोनांनी आत-बाहेर होतात, त्यामुळे उन्हाची तिरीप प्रत्येक मूर्तीवर वेगळी पडते. खाली गजपट्ट. ९० च्या आसपास हत्ती देवळाचा भार पाठीवर घेऊन उभे आहेत आणि त्यांच्यावर देवता बसल्या आहेत. बऱ्याच हत्तींच्या सोंडा आणि चेहरे फुटले आहेत, तरी पायांतला जोर आणि गळ्यातल्या घंटांच्या माळा अजून स्पष्ट दिसतात.

या हत्तींजवळ मला आणखी एक हत्ती आठवला. १०५४ साली कोप्पम इथे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर आणि चोळ राजाधिराज यांची लढाई झाली. राजाधिराज हत्तीवरच मारला गेला आणि त्याच्या भावाने तिथेच, रणभूमीवर, मुकुट धारण केला. काही अभ्यासक ते कोप्पम कर्नाटकातल्या कोप्पळजवळ शोधतात, काहींच्या मते ते म्हणजे हेच खिद्रापूर. कृष्णाकाठच्या या सपाट रानाकडे पाहताना दुसरे मत मनाला पटकन भिडते.

देऊळ उभे राहिले ते त्यानंतर, बाराव्या शतकात, कोल्हापूरच्या शिलाहारांच्या काळात. पण ज्या लेखापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबलो, तो शिलाहारांचा नाही. दक्षिण दाराजवळ देवनागरीत कोरलेला हा संस्कृत शिलालेख शके ११३५ चा, म्हणजे इ. स. १२१३-१४ चा, देवगिरीच्या सिंघण यादवाचा. त्याच सुमारास सिंघणाने शिलाहार भोजाचा पाडाव करून कोल्हापूरचे राज्य संपवले होते. हरलेल्या घराण्याच्या राज्यातले, त्याच्या काळात बहरलेले हे देऊळ. जिंकणाऱ्याने ते मोडले नाही की ओस पडू दिले नाही. कोपेश्वराच्या पूजेअर्चेसाठी त्याने गाव दान दिले आणि ते दगडात लिहून ठेवले. आवारातले इतर बहुतेक लेख जुन्या कन्नडमध्ये आहेत. राजे बदलले, लिपी बदलली, दिवाबत्ती चालू राहिली.

निघण्यापूर्वी पुन्हा स्वर्गमंडपात गेलो. दुपार कलली होती. उन्हाचा गोल शिळेवरून सरकून एका खांबाच्या पायथ्याशी पोचला होता. मघाचे आजोबा तिथे आले, त्यांनी शिळेला हात लावून तो कपाळाला लावला आणि काही न बोलता गाभाऱ्याकडे गेले, दोन्ही देवांपुढे दिवा लावायला.