निळ्या रेघा

घाना देशात कुमासी नावाचे शहर आहे. अशांती राज्याची ही राजधानी इंग्रजांनी १८९६ साली घेतली आणि तिकडच्या रंगवाल्यांनी लोकरीच्या रंगांना तिचे नाव देऊन टाकले. हरलेल्या राजधानीचे नाव रंगाच्या डब्यावर! पुढे १९६३ मध्ये त्यातल्या एका निळ्या रंगाने प्रयोगशाळेत प्रथिने रंगवली गेली, आणि आज जगभर ते नाव रोज घेतले जाते. कादंबरी लिहिणारा माणूस अशा ठिकाणी रेंगाळतो. पण मला रेंगाळू न देणारी एक विद्यार्थिनी आहे.

मी तिला आठवीत मराठी शिकवले. आता ती आमच्या बीड जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात जीवरसायन शिकवते आणि ज्वारीच्या दाण्यातली प्रथिने तपासते. "सर, यंत्रासाठी संस्थेला अर्ज लिहून द्या. तुमच्या हातचा असला की वाचतात तरी," ती म्हणाली. न समजलेले मी लिहीत नाही, म्हणून आधी तिला मला शिकवावे लागले.

ताडगोळ्यासारखा पारदर्शक, थरथरता, जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा पापुद्रा असतो. त्याला जेल म्हणतात. प्रथिने त्यात वरून सोडायची आणि वीज लावायची. योगेश्वरीच्या यात्रेत पोरेटोरे गर्दीतून पुढे निसटतात आणि थोराड माणसे मागे अडकतात, तसेच इथे होते. लहान प्रथिने खाली, मोठी वर. नंतर निळा रंग दिला की प्रत्येकाची आडवी रेघ उमटते. ओले जेल काही कायम टिकत नाही; उरतो तो फोटो. दोन वाणांतला फरक कधी एका फिकट रेघेपुरताच असतो. ती फोटोत आली नाही, तर महिन्यांचे काम पाण्यात.

विक्रेत्याने पुढे केले होते लाखांचे बंद कपाट, आत अतिनील दिवा. आता हा दिवा लागतो तो डीएनएच्या जेलसाठी, त्याला दिलेला रंग त्या प्रकाशात चमकतो म्हणून. निळ्या रेघांना त्याचे काय? त्यांना हवा खालून येणारा सारखा पांढरा उजेड. एक्स-रे बघायला डॉक्टर लावतात तसा. कॅमेऱ्यापुढे नारिंगी काच धरली की रेघा अधिक गडद उठतात. नाहीतर झाकणातही दिवा असलेला, आरपार उजेडाचा स्कॅनर घ्यावा आणि ओल्या जेलखाली पारदर्शक कागद घालावा. कचेरीतला साधा स्कॅनर वरच्यावर उजेड टाकतो, त्यात चकाकीच फार.

मोबाईलने का नाही, हे मी विचारलेच. ती हसली. मोबाईल चित्र आपल्या मनाने सजवतो. फिकट डाग पुसतो, गडद आणखी गडद करतो. लग्नातल्या फोटोला ते चालते. मोजायचे असेल तर मात्र कॅमेऱ्याने हात लावता कामा नये. साध्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात, सोळा बिटांच्या चित्रात ६५,५३६. शिवाय चित्र टिफ स्वरूपात ठेवावे. जेपेग जागा वाचवताना बारकावे खाते.

मला आवडली ती तिची परीक्षा. एकाच ओळखीच्या प्रथिनाचे पाव, अर्धा, एक आणि दोन मायक्रोग्रॅम शेजारी शेजारी चालवायचे. यंत्राचा आकडा दरवेळी दुप्पट होतो का, आणि कुठे अडतो, ते बघायचे. पैसे देण्याआधी विक्रेत्याने आमच्यासमोर हे करून दाखवावे, अशी अट मी अर्जात ठळक घातली. असली अट पुस्तकांच्या खरेदीलाही असती तर किती शाळांची कपाटे हलकी झाली असती!

अर्जात शेवटी दिव्याची पेटी, नारिंगी काच आणि हाताने सगळे ठरवता येणारा कॅमेरा मागितला. वाचणाऱ्या पैशांत तिला इन्व्हर्टर हवा आहे. आमच्याकडे विजेचा खेळखंडोबा ठरलेला. जेल अर्ध्यात असताना वीज गेली की प्रथिने जागच्या जागी पसरू लागतात आणि रेघांच्या जागी नुसते निळे ढग उरतात.