शेंडेफळ

नाव ठेवायलाही कुणाला फुरसत मिळाली नसावी. फिनलंडमधल्या हॅमेनलिन्ना गावचा टुरिसास हा फोक मेटल बँड. त्याचा चौथा अल्बम २०१३ साली आला आणि बँडच्याच नावाला जन्मसाल चिकटवून बारसं उरकलं गेलं: 'टुरिसास२०१३'. मधे जागासुद्धा सोडली नाही. थोरल्या तिघांची नावं बघा. 'बॅटल मेटल', 'द व्हॅरँजियन वे', 'स्टँड अप अँड फाइट'. उच्चारतानाच छाती दोन इंच पुढे येते. ह्याचं नाव सरकारी फायलीवर शोभावं असं.

घराणं मात्र साधंसुधं नाही. टुरिसास हे फिनिश लोकांच्या जुन्या युद्धदेवाचं नाव. मथियास न्युगॉर्ड आणि युस्सी विकस्ट्रॉम यांनी १९९७ मध्ये हा संसार मांडला. मंचावर येताना तोंडाला लाल-काळे पट्टे, गिटारच्या बरोबरीने ऑली व्हॅन्स्काचं व्हायोलिन. २००७चा दुसरा मुलगा खरा कर्तबगार. त्याने उत्तरेच्या योद्ध्यांना नोव्हगोरोदमार्गे, नीपर नदीच्या खडकाळ प्रवाहातून थेट कॉन्स्टँटिनोपलपर्यंत नेलं. २०११चा तिसरा त्याच शहरात बायझंटाइन सम्राटाच्या पहाऱ्यावर रुजू झाला. मागे ऑर्केस्ट्राचा एवढा लवाजमा की गिटार कुठे आहे ते शोधावं लागे.

आणि मग हे शेंडेफळ! दोन वर्षांत झालेलं, घाईचं. तोवर घरातली माणसंही बदलली होती. अकॉर्डियन वाजवणारी नेटा स्कोग बाहेर पडली होती. थोरल्यांच्या डोक्यावर असायचा तो इतिहासाचा जिरेटोप ह्याने पहिल्याच दिवशी खुंटीला अडकवला आणि हा उघड्या डोक्याने बाहेर पडला. सलग कहाणी नाही, मोहीम नाही. नऊ गाणी, नऊ दिशांना तोंडं.

पहिलं गाणं 'फॉर युअर ओन गुड' ऐकताना वाटतं, पोरगं गुणी आहे. पियानो, न गुरगुरता मोकळ्या गळ्याने गायलेल्या ओळी, दुसऱ्या खेपेला आपल्याही तोंडी बसणारं पालुपद. मेटलच्या कडव्या भक्तांनी ह्यावर नाक मुरडलं तर नवल नाही. हे जवळजवळ साधं रॉकच आहे. माझ्या मते मात्र ह्या अल्बममधलं सगळ्यात धीट काम हेच. 'टेन मोर माइल्स' लगेच घराण्याची आठवण करून देतं, पायाला ठेका देत आणि घोळक्याने ओरडत.

मधे मात्र हा हाताबाहेर जातो. 'रन भांग-ईटर, रन!' हे नाव वाचून आपल्या भुवया उंचावतात, पण महाशिवरात्रीची थंडाई मनात आणू नका. सूर पश्चिम आशियाकडे झुकलेला, आणि ऐन धावपळीत सॅक्सोफोन घुसतो. कशासाठी, ते त्यालाही सांगता येणार नाही. पाच चांगल्या कल्पना एकाच खोलीत कोंडल्या की होतं तेच इथे झालंय: एकमेकींच्या पायांत पाय. तरी गाणं कंटाळवाणं नाही, हे मान्य करावंच लागतं.

खरा वांडपणा 'नो गुड स्टोरी एव्हर स्टार्ट्स विथ ड्रिंकिंग टी' ह्या गाण्यात. चहा पिऊन सुरू झालेली एकही गोष्ट धड नसते, असं हा गुत्त्यात बाकावर उभं राहून ओरडून सांगतो. आपल्याकडे गोष्टच काय, सोयरीक आणि वाटणीचं भांडणसुद्धा चहाशिवाय सुरू होत नाही. पण माणशी कॉफी पिण्यात फिनलंड जगात आघाडीवर, तेव्हा चहाला नावं ठेवायला त्यांचं काय जातं? गाणं म्हणून पाहिलं तर धावतं, पंकच्या अंगाचं, एकदा हसवून संपणारं. दुसऱ्यांदा तेवढं हसू येत नाही. थट्टा ह्या रक्तात आधीपासून होतीच म्हणा. बोनी एमचं 'रासपुतिन' ह्याच मंडळींनी लाल-काळं तोंड करून गायलं होतं.

'ग्रीक फायर' लागलं की मात्र पोराच्या चेहऱ्यात एकदम दुसरा भाऊ दिसतो. बायझंटाइन आरमार जहाजावरच्या नळीतून ह्याच नावाचा पेटता द्रव शत्रूवर फवारायचं. तो पाण्यावरही जळत राही. कृती इतकी गुप्त ठेवली की पुढे कायमची हरवली. हे गाणं अंधारं, जड, एकाच रिफवर रेटून चाललेलं. खुंटीवरचा जिरेटोप ह्याला अगदी मापात बसतो, हे इथे कळतं. आणि म्हणूनच बाकीच्या वेळी तो न घालण्याचा हट्ट जास्त खुपतो. अंगात नसतं तर सोडून दिलं असतं.

आवाजाची घडणही अशीच, थोड्या विस्कटलेल्या केसांची. तिसऱ्याची मखमल नाही. ढोल उघडे, गिटार पुढे. ऐकणाऱ्याला कुठेकुठे तालमीच्या खोलीत बसल्यासारखं वाटतं. 'वी राइड टुगेदर' ह्या शेवटच्या गाण्यात घोडे उधळतात, पितळी वाद्यं परत येतात आणि सगळं घर एकत्र दौडत निघतं.

पुढे दहा वर्षं उलटली तरी टुरिसासचा पाचवा स्टुडिओ अल्बम आला नाही. तेव्हा थोरल्यांनी जपलेली घराण्याची इभ्रत इतकी वर्षं ह्या उनाडाच्याच खांद्यावर राहिली, आणि तो काही चालायची ढब बदलणाऱ्यातला नव्हे.