पडदा विझल्यावर जे उरते

भयमालिका आणि विनोदी चित्रपट यांविषयी मत देण्याचा माझा अधिकार तो केवढा? मी समीक्षक नव्हे. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्या मधल्या दारात उभी राहून, हातातील काम न सोडता जेवढे दिसेल तेवढे पाहणारी मी एक साधी प्रेक्षक आहे. परंतु आमच्या घरात ज्येष्ठ माणसे दोन आणि दूरचित्रवाणी संच एकच. सासूबाई ८४ वर्षांच्या. दृष्टी अधू, बुद्धी मात्र तल्लख. मामंजी ८९ वर्षांचे. दृष्टी शाबूत, पण स्मृती क्षीण होत चाललेली. पडद्यावरचे एकच दृश्य या दोघांच्या मनात किती निरनिराळ्या वाटांनी शिरते, हे रोज पाहता पाहता माझी काही मते बनली आहेत.

पहिले मत असे की, भयमालिका डोळ्यांपेक्षा कानांसाठी अधिक रचलेली असते. १९९३ साली ‘झी हॉरर शो’ आणि १९९५ साली ‘आहट’ सुरू झाली, तेव्हाच्या रात्री अनेकांना आठवत असतील. त्यांतील भुतांचे चेहरे मी केव्हाच विसरले. करकरणारे दार आणि दीर्घ शांततेनंतरचा तो अकस्मात दणका मात्र अजून आठवतो. वार्धक्यात हीच रचना त्रासदायक ठरते. वयोमानाने ऐकू येणे कमी होते तेव्हा बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी हरपतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि संवाद कळेनासे होतात. म्हणून आवाज वाढवला जातो, आणि मग तो दणका दुप्पट जोराने येऊन आदळतो. कथा कळलेली नसते, धक्का तेवढा पोहोचतो. अॅड्रेनलिन स्रवते, नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो. निरोगी माणसाचे शरीर थोड्या वेळात पूर्वपदावर येते. परंतु हृदयविकार असलेल्या किंवा आधीच झोप कमी झालेल्या वृद्धाने निजण्यापूर्वीची वेळ यासाठी निवडू नये, एवढे सांगायला समीक्षक असण्याची गरज नाही.

म्हणून भयमालिका वाईट, असे माझे मत आहे काय? मुळीच नाही. सासूबाईंचे माहेर कुडाळ तालुक्यातले. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली तेव्हा त्या तिच्यात पार रमून गेल्या. वाड्याचे रहस्य हे निमित्त. त्यांना हवी होती ती मालवणी बोली. लग्नानंतर साठ वर्षे देशावर राहिलेल्या या बाईच्या कानांवर माहेरचे हेल रोज पडू लागले. आता त्या जुने भाग पुन्हा लावून घेतात. पाहतात कमी, ऐकतात अधिक. एकदा मी विचारले, “आई, भीती नाही वाटत?” त्या हसून म्हणाल्या, “घाबरूचा कित्याक? ता भूत टीव्हीत आसा, घरात नाय.”

भयकथेचा सारा आनंद या एका वाक्यात आहे. आपण सुरक्षित आहोत हे ठाऊक असताना घेतलेली भीती हा खेळ असतो. मुंजा, वेताळ, हडळ यांच्या गोष्टी आजीच्या कुशीत शिरून ऐकण्यात जी गंमत होती, ती त्या कुशीमुळेच होती. ज्या ज्येष्ठांना हा खेळ आवडतो, त्यांच्या हातून केवळ त्यांच्या वयाकडे बोट दाखवून तो काढून घेऊ नये. आधीच त्यांच्या हातून मीठ गेलेले असते, साखर गेलेली असते, एकट्याने रस्ता ओलांडणे गेलेले असते.

मामंजींच्या बाबतीत मात्र ही कूसच नाहीशी झाली आहे. पडद्यावरची माणसे आपल्या घरातच आहेत असे स्मृतिभ्रंशाच्या काही रुग्णांना वाटते. डॉक्टरांना हे लक्षण परिचित आहे. मामंजी बातम्या देणाऱ्या निवेदकाला नमस्कार करतात आणि मला त्याच्यासाठी चहा टाकायला सांगतात. हे गोड वाटते. पण एका संध्याकाळी पडद्यावर केस मोकळे सोडलेली एक बाई विव्हळत होती, आणि ते खुर्चीतून उठण्याची धडपड करीत म्हणत राहिले, “अरे, त्या बाईला कुणीतरी घरी पोहोचवा.” त्यांना भूत दिसलेच नव्हते, दिसले होते ते दुःख, आणि ते दूर करणे आपले कर्तव्य आहे असे त्यांना वाटत होते. संच बंद केला, मालिका ते पाच मिनिटांत विसरले. अस्वस्थता मात्र रात्री दोनपर्यंत टिकली.

असे का घडते, याचे उत्तर पुढे एका संशोधनात सापडले. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना काही दुःखद आणि काही आनंददायक चित्रफिती दाखवल्या. २०१४ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. काय पाहिले हे रुग्णांना थोड्याच वेळात धड सांगता येईना. परंतु त्या चित्रफितींनी जागवलेली भावना त्यानंतरही त्यांच्या मनात रेंगाळत राहिली होती. घटना पुसली जाते, तिची छाया राहते. ‘त्यांना कुठे काय आठवते आहे!’ असे म्हणून वाटेल ते लावून ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे.

भयकथेची चौकट केवळ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची मोडते असेही नाही. धडधाकट माणसांचीही मोडते. सासूबाईंच्या नेत्रपटलाची झीज झाली आहे. मागल्या वर्षी त्या सहज म्हणाल्या की, कोपऱ्यातल्या ट्रंकेवर एक मुलगा येऊन बसतो. बोलत नाही, थोड्या वेळाने दिसेनासा होतो. त्या घाबरल्या नव्हत्या. घाबरले ते एक नातेवाईक. ‘बाहेरचे काही असेल, कुणाला तरी दाखवा’ असे त्यांनी सुचवले. आम्ही दाखवले ते नेत्रतज्ज्ञांना. दृष्टी मंदावली की मेंदू कधी कधी स्वतःच चित्रे निर्माण करतो. चार्ल्स बोने या स्विस शास्त्रज्ञाने १७६० साली स्वतःच्या आजोबांचा असाच अनुभव नोंदवला होता, आणि त्याच्याच नावाने ही अवस्था ओळखली जाते. हे वेड नव्हे आणि भूतबाधा तर नव्हेच. अर्थात अशी दृश्ये दिसण्यामागे इतर आजार किंवा औषधांचे परिणामही असू शकतात; म्हणून तपासणी हवीच. मालिकेतल्या मांत्रिकाने मालिकेतच राहावे. तो आजारपणाच्या खोलीत शिरला की उपचाराचे मोलाचे दिवस निघून जातात.

आता विनोदाकडे वळते. ‘वृद्धांना विनोदी चित्रपट दाखवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अपुरा आहे. पुष्कळ विनोद बहिऱ्याच्या बहिरेपणावर, तोतऱ्याच्या तोतरेपणावर आणि विसराळू म्हाताऱ्याच्या विसरण्यावर उभारलेला असतो. ज्याच्या कानात श्रवणयंत्र आहे त्याने त्यावर हसावे, ही अपेक्षा निष्ठुर आहे. याउलट हृषीकेश मुखर्जींचा १९७५ सालचा ‘चुपके चुपके’ पाहा. मोटारचालकाचे सोंग घेतलेला एक प्राध्यापक अतिशुद्ध हिंदी बोलून घर डोक्यावर घेतो. तेथे कुणाच्या व्यंगाला हसू नाही; हसू आहे ते मिरवलेल्या पांडित्याला.

१९८८ सालच्या ‘अशी ही बनवाबनवी’विषयी तर काय सांगावे! भाड्याच्या खोलीसाठी चाललेली ती तारांबळ मामंजींच्या पिढीने स्वतः भोगलेली आहे. मधुमेहावरच्या इस्रायली औषधाचा आणि त्या सत्तर रुपयांचा प्रसंग आला की, स्वतः मधुमेही असलेल्या सासूबाई सर्वांआधी हसतात. कथा पाठ असल्यामुळे धागा सुटला तरी बिघडत नाही. पुढचे वाक्य कानांनी चुकवले तरी मन पुरवते. नव्या चित्रपटांचा भरधाव संवाद थकलेल्या मेंदूला दमवतो, जुना चित्रपट त्याला हात देतो. १९९३ सालच्या ‘झपाटलेला’मध्ये तर भय आणि हास्य एकाच बाहुल्यात नांदतात. तो तात्या विंचू रंगवणारे दिलीप प्रभावळकर आमच्या घरात मात्र आजही दूरदर्शनवरचे चिमणराव आहेत. म्हणून तात्या विंचूला पाहूनही सासूबाई प्रेमाने हसतात. मामंजींसाठी मात्र तो चित्रपट आम्ही लावत नाही.

आमच्या घरी आता साधी व्यवस्था आहे. भयमालिका दुपारी, सासूबाईंच्या खोलीत, मोबाइलवर, कानात ध्वनियंत्र घालून. दिवस मावळू लागला की मामंजींची घालमेल वाढते. त्या वेळी दिवाणखान्यात दिवे लावलेले असतात, आवाज बेताचा असतो, आणि जुना हसरा चित्रपट अर्धा-पाऊण तास चालतो. तो संपल्यावर त्यांचा चेहरा कसा आहे, हात स्थिर आहेत की चाळा चालू आहे, झोप कशी लागली, यावरून दुसऱ्या दिवशीची निवड ठरते. चित्रपटाचे याहून चांगले परीक्षण मला तरी ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली आहे. काही दिवशी मामंजी आपल्या मुलालाही ओळखत नाहीत. परंतु चित्रपटात हसण्याजोगे काही आले की, ते आधी हसतात आणि मग मान वळवून बाकीचेही हसताहेत ना, हे पाहून घेतात. त्या क्षणी कुणीतरी शेजारी असावे लागते. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांना संच लावून देऊन दोन कामे उरकण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, आणि त्यात गैरही काही नाही. पण दिवसातून दहा मिनिटे तरी त्या खुर्चीशेजारी बसावे. त्यांना आपले नाव आठवले नाही तरी चालेल. त्यांची नजर वळेल तेव्हा आपण तेथे हसत असावे.