चाकांवरची खोली

एकत्र कुटुंबाचे गुण गाणारे लेख आजवर पुष्कळ झाले, आणि त्याचे दोष दाखविणारेहि कमी झाले नाहींत. परंतु अशा कुटुंबांत राहणाऱ्या माणसाला रोजच्या व्यवहारांत जी एक लहानशी उणीव भासते, तिजविषयीं सहसा कोणी बोलत नाहीं. ही उणीव प्रेमाची नसते, पैशाची नसते, पुष्कळदां जागेचीहि नसते. ती असते आंतून कडी लावतां येणाऱ्या दाराची. तशी कडी आमच्याहि घरांतल्या दारांना आहे. पण ती दिवसाढवळ्या लावली कीं लगेच बाहेरून प्रश्न येतो, "काय झालें? बरें नाहीं का वाटत?" प्रश्न मायेचा असल्यामुळें कडी काढावीच लागते!

माझें लग्न १९९२ सालीं झालें. तेव्हांपासून पुण्यांतल्या या घरांत आम्ही कधीं नऊ तर कधीं अकरा माणसें राहत आलों आहों. या माणसांविषयीं माझी तक्रार नाहीं. मी शाळेंत नोकरीला जात असे, तेव्हां माझीं मुलें धाकट्या जाऊबाईंनीं आपलीं म्हणून वाढविलीं, याचा मला कधीं विसर पडणार नाहीं. पण नवराबायकोनें एकमेकांशीं मनांतलें जें बोलायचें, तें आम्हीं कुठें बोललों, असें कोणी विचारलें तर मला सांगावें लागेल कीं, कांहीं भाजी आणायला जातां-येतां, कांहीं गच्चीवर पापड वाळत घालतांना, आणि उरलेलें बोलायचें राहूनच गेलें. हे निवृत्त झाले, पाठोपाठ मीहि झालें, आणि मग ध्यानांत आलें कीं, दोघांना आतां वेळ आहे, पण बसायला ठिकाण नाहीं.

वाचक म्हणतील, त्याकरितां हॉटेलें का थोडीं आहेत? आहेत खरीं. पण आमच्यासारख्या घरांत एक खोली ठरविली, कीं तिच्या शेजारची दुसरीहि ठरवावी असें कुणाच्या तरी मनांत येतेंच, आणि अखेरीस दोघांच्या सहलीचें वऱ्हाड होतें. म्हणून २०२३ सालच्या उन्हाळ्यांत यांनीं जेव्हां दारांत उभ्या असलेल्या मोटारीकडे पाहून, "हिच्यांत दोघांना निजतां येईल का?" असें विचारलें, तेव्हां मला हंसूं आलें तरी मीं तो विचार मोडून काढला नाहीं.

मोटारींत निजण्याची कल्पना तशी नवी नव्हे. जर्मनींत वेस्टफालिया कारखान्यानें १९५१ सालीं फोक्सवागनच्या व्हॅनसाठीं बसवितां-काढतां येणारी एक पेटी तयार केली होती. व्हॅन दिवसा कामाची आणि सुटीच्या दिवशीं राहण्याची, अशी त्यांतली युक्ति. जपानांत तर ३.४० मीटर लांबी आणि १.४८ मीटर रुंदी एवढ्या मर्यादेंत बसणाऱ्या 'केई' जातीच्या इवल्या मोटारी आहेत, आणि मोटारींत रात्र काढण्याला तेथें 'शाचूहाकु' असा स्वतंत्र शब्दच आहे. या सोयीचा धोकाहि जपाननेंच दाखविला. २००४ सालीं निइगाता भागांत आणि २०१६ सालीं कुमामोतो येथें मोठे भूकंप झाले, तेव्हां घाबरलेलीं माणसें कित्येक रात्री मोटारींत राहिलीं. बसल्या बसल्या, पाय लोंबते ठेवून झोंपल्यामुळें त्यांतल्या अनेकांच्या पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या, आणि त्या फुप्फुसांत जाऊन कांहीं दगावले. तेव्हां मोटारींत निजायचें तर अंथरूण सपाट करून, पाय पसरूनच निजायचें, हा पहिला नियम आम्हीं ठरविला.

आमची गाडी २०१९ सालची वॅगन आर आहे. तिची बाहेरची लांबी ३,६५५ मिलिमीटर, रुंदी १,६२० आणि उंची १,६७५. ही उंचीच तिचा खरा गुण; लांबीनें ती अगदींच बेताची. मागची बैठक दुमडली कीं जागा होते, पण ती सपाट नसते. बैठकीची दुमडलेली पाठ सामानाच्या जागेहून बरीच वर राहते. यांनीं टेप घेऊन मापें काढलीं. पुढच्या बैठकी शक्य तितक्या पुढें सरकविल्या, तर मागच्या दारापासून त्यांच्या पाठीपर्यंत पांच फूट चार इंच. माझें तेवढ्यांत भागलें असतें. पण यांची उंची पांच फूट सात इंच! मग पुढच्या बैठकींच्या पाठी पुढें झुकवून, उशांपुरती सात इंचांची एक फळी बिजागरीवर उलगडेल असा बेत ठरला, आणि डोकीं पुढें, पाय मागच्या दाराकडे, अशी व्यवस्था झाली.

ओळखीच्या सुतारानें चार दिवसांत काम पुरें केलें. बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायचे तीन तुकडे, मध्यें बिजागऱ्या, खालीं दुमडते पाय, पायांना रबराच्या टोप्या. कडा त्यानें रंधून गोल केल्या. सगळ्या लाकडाचें वजन वीस किलोच्या आंतबाहेर भरतें. मीं आणि जाऊबाईंनीं तें उचलून पाहिलें आहे. फळ्यांखालीं कपड्यांच्या दोन पेट्या, पाण्याचा कॅन, दोरी आणि बॅटरी एवढें मावतें. गादीवाल्यानें कापसाची तीन इंची गादी फळ्यांच्या मापानें तीन तुकड्यांत शिवून दिली. खिडक्यांचें काम माझें. कांचेवर वर्तमानपत्र धरून, झंपर बेतावा तसा प्रत्येक खिडकीचा बेत मीं काढला, आणि त्याबरहुकूम चंदेरी फोम कापून त्याला आंतून काळें कापड लावलें. दाराच्या चौकटीला चिकटतील अशा, कडेनें चुंबक शिवलेल्या मच्छरदाणीच्या दोन जाळ्याहि केल्या. सारा खर्च गादी धरून साडेअकरा हजार रुपये झाला.

यांत गाडीचा एकहि स्क्रू काढलेला नाहीं, हें मुद्दाम सांगतें. मागची बैठक काढून टाकली असती, तर जागा आणखी मिळाली असती. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम कारखान्यानें दिलेल्या गाडींत मनमानी फेरफार करूं देत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि तें स्पष्ट केलें आहे. आमच्या फळ्या म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें केवळ सामान. गाडी चालत असतांना त्या दुमडून पट्ट्यांनीं आवळलेल्या असतात; त्यांवर कोणी बसत नाहीं, कारण एकदां जोरानें ब्रेक लागला तर सुटी वस्तु आणि सुटें माणूस सारखेंच पुढें फेंकलें जातें.

कायद्याहून मोठें दुसरें कारण होतें. ही मोटार दोघां भावांच्या पैशांतून घेतलेली आहे. सोमवारीं ती सासूबाईंना डॉक्टरांकडे नेते, गुरुवारीं भाऊजींना स्टेशनवर सोडते. तिच्यांत आमच्यापुरती कायमची खोली करणें, म्हणजे सामाईक ओसरींत भिंत घालण्यासारखेंच झालें असतें.

तरी घरांत चर्चा झालीच. भाऊजी म्हणाले, "घर असतांना वाटेवर निजायचें म्हणजे काय? लोक काय म्हणतील, दादा?" जाऊबाई हंसत म्हणाल्या, "वहिनी, वेगळें निघायचा विचार तर नाहीं ना?" त्या हंसत होत्या, पण प्रश्न सगळाच थट्टेचा नव्हता. मीं त्यांना गाडीपाशीं नेलें, सारें उघडून दाखविलें आणि विचारलें, "यांत चूल कुठें दिसते का, सांगा! वेगळें निघणाऱ्याला आधीं चूल लागते."

चूल नाहीं, ती केवळ या बोलण्यापुरती नाहीं असें नव्हे. बंद मोटारींत शेगडी किंवा स्टोव्ह पेटविणें हें जिवाशीं खेळणें आहे. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या कुठल्याहि इंधनांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा जो विषारी वायु निघतो, त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि झोंपलेल्या माणसाला तो जागें करीत नाहीं. इंजिनाच्या धुरांतहि तोच असतो. म्हणून थंड हवेसाठीं इंजिन चालू ठेवून निजायचें नाहीं. डासांची उदबत्तीसुद्धां आंत लावायची नाहीं. दोन्ही बाजूंच्या कांचा दोन बोटें खालीं ठेवून त्यांवर जाळी लावली कीं, वारा आरपार खेळतो. तसें न केल्यास रात्रभराच्या श्वासांतलें पाणी कांचांवर जमून पहांटे अंथरुणावर ठिबकतें. एवढें करूनहि कोंकणाच्या किनाऱ्यावर एप्रिल-मे महिन्यांत मोटारींत झोंप लागणें कठीण. ही खोली नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, आणि त्यांतहि घाटमाथ्यावर, सुखाची. उतारावर गाडी उभी करावी लागली, तर पाण्याची बाटली आडवी ठेवून ती कुठें घरंगळते तें पाहावें आणि डोकें उंच बाजूला येईल अशी गाडी वळवावी. हमरस्त्याच्या कडेला कधींहि थांबूं नये. ओळखीचें अंगण, नाहींतर परवानगी घेतलेलें आवार पाहावें, म्हणजे सकाळच्या विधींचीहि सोय होते. जेवण घरूनच न्यावें. आमच्याबरोबर जाऊबाईंच्या हातच्या दशम्या, तिळाची चटणी आणि लिंबाचें लोणचें असतें.

अशा तयारीनें आम्ही दोघें डिसेंबर २०२३ मध्यें प्रथम बाहेर पडलों. अकोले तालुक्यांत भंडारदऱ्याला, १९२६ सालीं पुरें झालेलें विल्सन धरण आहे. त्याच्या जलाशयापासून जवळच एका परिचित कुटुंबाच्या अंगणांत आम्हीं गाडी उभी केली. तारीख १३. अमावास्या नुकतीच झालेली, आणि मिथुन राशींतून होणारा उल्कांचा वर्षाव याच सुमारास सर्वांत दाट असतो. मागचें दार वर करून, दोन रजया पांघरून आम्ही तो पाहत पडलों होतों. थंडी वाढली तेव्हां दार ओढून घेतलें आणि आंतून कुलूप लावलें. "काय झालें?" असें विचारायला बाहेर कोणी नव्हतें.

बऱ्याच वेळानें हे म्हणाले, "तुला एक सांगायचें आहे. ऑगस्टांत मी तपासणीला गेलों होतों ना, तेव्हां डॉक्टरांना हृदयाविषयीं शंका आली आहे. मोठी तपासणी करा म्हणाले."

ऑगस्ट ते डिसेंबर, चार महिने! मला आधीं राग आला, मग रडूं आलें. सांगितलें का नाहीं, म्हणून मीं विचारलें. यांचें उत्तर इतकें साधें होतें कीं, राग टिकला नाहीं. "कुठें सांगणार होतों? स्वयंपाकघरांत सांगितलें असतें तर पांच मिनिटांत आईच्या कानांवर गेलें असतें. तिचें वय चौऱ्यायशीं. आधीं तुला एकटीला सांगायचें होतें, आणि तूं एकटी कधीं सांपडलीच नाहींस." यांनीं ती मोटार का मापली, हें मला त्या रात्रीं कळलें.

आम्हीं पहांटेपर्यंत बोललों. पुण्यास परत आल्यावर त्याच रविवारीं जेवणें झाल्यावर सर्वांना सांगितलें. सासूबाईंना कसें सांगायचें तेंहि आमचें ठरलें होतें. जानेवारींत तपासणी झाली, एका रक्तवाहिनींत स्टेंट बसवावा लागला, आणि आज यांची प्रकृति उत्तम आहे. त्या दिवसांत भाऊजींनीं इस्पितळांत रात्री काढल्या, मुलांनीं पैशांची आणि कागदपत्रांची धांवपळ केली, जाऊबाईंचा डबा एकदांहि चुकला नाहीं. मला एकटीला तें झेपलें नसतें. जी गोष्ट दोघांच्या खोलींतच बोलतां आली, तिचें ओझें उचलायला मात्र अकरा माणसें लागलीं. म्हणून मला वाटतें कीं, एकत्र कुटुंबाला एकान्ताचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. दोन माणसें कांहीं काळ कडी लावून बसलीं, म्हणजे तीं घरापासून तुटलीं असें नव्हे. पुष्कळदां घराला काय सांगायचें, याची तीं तयारी करीत असतात.

सासूबाईंना या साऱ्या प्रकारांत नवल कांहींच वाटलें नव्हतें. त्यांच्या लहानपणीं आजोळीं जायचें तें तट्ट्याच्या बैलगाडींत पेंढा पसरून, त्यावर घोंगडी अंथरून, रात्रीच्या रात्रीं. डोळे उघडावे तों आजोळची वेस आलेली. यांना इस्पितळांतून घरीं आणल्यावर एके दिवशीं त्या म्हणाल्या, "मला एक दुपार त्या तुमच्या खोलींत निजूं द्या." झाडाच्या सांवलींत गाडी उभी करून, दारें उघडी ठेवून आम्हीं त्यांना आंत निजविलें. घटकाभरानें मीं डोकावलें तर त्या जाग्याच होत्या, आणि वर छताकडे पाहत होत्या. "कांहीं हवें का?" म्हणून मीं विचारलें. त्या म्हणाल्या, "नको. आणि दार लाव गं जरा." मीं जाळीचें दार लावलें आणि पायरीवर जाऊन बसलें. तासाभरांत घरांतल्या कुणीहि त्यांना हांक मारूं नये, एवढें मीं पाहिलें.

आतां त्या फळ्या कपाटामागें उभ्या असतात. गेल्या हिवाळ्यांत भाऊजी आणि जाऊबाई त्या घेऊन महाबळेश्वरास जाऊन आलीं. लोक काय म्हणाले, तें भाऊजींनीं सांगितलें नाहीं. त्यांच्या मागोमाग मुलगा आणि सून गेलीं. यंदा दिवाळीनंतरच्या शनिवार-रविवारांसाठीं स्वयंपाकघरांतल्या कालनिर्णयावर आतांपासूनच नांवें लिहिलेलीं दिसतात, आणि आमची पाळी तिसरी आहे.