उन्हापावसातली बैठक

घरातलं फर्निचर माणसं वापरतात. अंगणातलं फर्निचर ऊन वापरतं, पाऊस वापरतो, दव वापरतं, आणि या सगळ्यांनी वापरून जे उरेल त्यावर आपण संध्याकाळी जाऊन टेकतो. म्हणून बागेसाठी बाक निवडताना दुकानातल्या दिव्यांखाली तो किती देखणा दिसतो, याला मी फारशी किंमत देत नाही. मृगापासून हस्तापर्यंत उघड्यावर राहिल्यावर तो कसा दिसेल, हे डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करावा. तिथेच निम्मी निवड होऊन जाते.

बरं, आपल्याकडे आभाळही सगळीकडे सारखं नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. सोलापूरला त्याच्या पाचव्या हिश्श्यावर वर्ष काढावं लागतं. मे महिन्यात चंद्रपूर ४५ अंशांच्या वर तापतं, आणि त्याच दिवसांत वेंगुर्ल्याच्या हवेत मीठ तरंगत असतं. सोलापुरात पंधरा वर्षं टिकणारी खुर्ची मालवणला तीन पावसाळ्यांत हात टेकू शकते. तेव्हा सगळ्यात चांगलं काय, हा प्रश्न अर्धवटच आहे. कुठल्या अंगणात, हे आधी सांगावं लागतं.

सगळ्या हवामानांना लागू पडणारी एक गोष्ट मात्र आहे. पाऊस लाकडाचा वैरी नाही. पडून निथळून गेलेल्या पाण्यानं लाकूड कुजत नाही, थांबलेल्या पाण्यानं कुजतं. लाकूड खाणाऱ्या बुरशीला ओलावा लागतो. लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांखाली राहिलं तर तिचं काही चालत नाही. वाळवीचंही तसंच, ती ओल्या मातीतून वर चढते. लोखंडाला गंज धरतो तोही सांध्यात, खाचेत, पायाच्या पोकळीत, जिथे थेंब मुक्काम करतो तिथे. बाहेरची बैठक निवडायची म्हणजे पाण्याला वाट देणारी वस्तू निवडायची, एवढंच या साऱ्या विद्येचं सार आहे.

लाकडांत सागवानाचा मान पहिला, आणि तो त्यानं कमावलेला आहे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलकटपणा असतो आणि वाळवीला व बुरशीला न मानवणारी द्रव्यं असतात. भिजून-वाळूनही तो फारसा वाकत नाही, फाटत नाही. याचा पुरावा आपल्याच मुंबईत घडला. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी मलबारी सागवानातून ब्रिटिश आरमारासाठी ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका बांधली. ती १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. दोनशे वर्षं खारं पाणी सोसलेलं हे लाकूड. जुन्या लढाऊ जहाजांचे दिवस संपल्यावर लंडनच्या जहाजतोडीच्या वखारीत त्यांच्या सागवानाचे बागेतले बाक होत, आणि ते हौसेनं विकत घेतले जात. समुद्राला पुरून उरलेल्या लाकडाला बागेतला पाऊस काय करणार, हा त्यामागचा हिशेब सरळ होता.

आपल्याला जहाज मोडायची गरज नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतलं सागवान देशभर नावाजलेलं आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच सागवान गेलं. पण सागवान म्हटलं की सगळं सारखं नसतं. खोडाच्या मधला तपकिरी-सोनेरी गाभा टिकतो; कडेचा पांढुरका भाग वाळवी इतर कुठल्याही लाकडासारखाच खाते. कोवळ्या झाडांच्या फळ्यांत हा पांढुरका पट्टा जास्त येतो. तेव्हा बाकाच्या पट्ट्या उलट्यापालट्या करून पाहाव्यात. जुने वाडे उतरवताना निघणाऱ्या तुळया आणि खांब मिळाले, तर त्यासारखं लाकूड नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या मोठ्या झाडांचा तो गाभा असतो, पुरता मुरलेला आणि वाळलेला. जंगलातलं एक झाड वाचतं, हा त्याहून मोठा लाभ.

नवा सागवानी बाक उन्हात ठेवला की वर्ष-दीड वर्षात त्याचा सोनेरी रंग उडून तो राखाडी होतो. पुष्कळ माणसं या रंगाला घाबरतात आणि दरवर्षी वॉर्निशचे हात मारत बसतात. पण राखाडी होणं ही फक्त वरच्या पापुद्र्याची गोष्ट आहे. सूर्याचे अतिनील किरण तेवढाच थर बदलतात, आतलं लाकूड जसंच्या तसं असतं. वॉर्निशचा मात्र उन्हात पोपडा होतो, पाणी त्या पोपड्याखाली शिरतं आणि तिथेच अडकतं. आपण रक्षणासाठी लावलेला थरच पाणी धरून ठेवतो. सागाला राखाडी होऊ द्यावं. चंदेरी झाक आलेला जुना बाक पारिजातकाखाली किती शोभतो, हे पाहिल्यावर सोनेरी रंगाची हळहळ उरत नाही.

सागवान परवडत नसेल तर कोकणातला सुतार फणसाकडे बोट दाखवतो. फणसाचं पिवळं लाकूड वाळवीला सहसा दाद देत नाही, आणि वय वाढेल तसा त्याचा रंग गडद होत जातो. ऐन आणि किंजळ यांनी कोकणातल्या घरांची छपरं पिढ्यान् पिढ्या पेलली आहेत. देशावरची बाभूळ बैलगाडीच्या चाकाला चालते, तर बाकाच्या पायाला का चालू नये? आंब्याचं लाकूड मात्र स्वस्त आणि सहज मिळणारं असलं तरी बाहेर ठेवू नये. ओल लागली की ते लवकर जातं. आणि लाकूड कुठलंही असो, साधे लोखंडी खिळे वापरू नयेत. बाभळीसारख्या लाकडांतल्या तुरट द्रव्याशी लोखंडाची गाठ पडली की भिजल्यावर काळे ओघळ उतरतात, खिळाही गंजतो आणि त्याच्याभोवतीचं लाकूडही सैल पडतं. स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळेचे स्क्रू थोडे महाग पडतात, पण बाकाचं आयुष्य त्यांच्यावर लोंबकळत असतं.

लाकडाच्याही आधी या प्रदेशात बाहेर बसायला दगड होता. कोकणातला जांभा जमिनीतून काढताना इतका मऊ असतो की हत्यारानं त्याचे चिरे कापता येतात, आणि हवा लागली की तो कडक होत जातो. स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस बुकाननला या दगडाचं मोठं नवल वाटलं होतं. केरळातल्या अंगडिपुरमजवळ पाहून त्यानं लिहिलेलं त्याचं वर्णन १८०७ मध्ये छापून आलं. त्याच जांभ्यावर गिलावा करून गोव्यातल्या घरांपुढच्या बाल्कांवातले, म्हणजे दारापुढच्या ओसरीतले, सोपे अर्थात बांधीव बैठका बांधल्या गेल्या. समोरासमोरच्या त्या दोन बैठकांवर गावाच्या गप्पा होतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारली जाते, मासळीवालीची टोपली उतरते. अशी बैठक हलवता येत नाही, चोरीला जात नाही, पावसाळ्यात आत घ्यावी लागत नाही. घर बांधतानाच शेजाऱ्यासाठी जागा बांधून ठेवणारी ही रीत मला फार मोठी वाटते.

घाटावर बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा दगड. त्याला आपला पाऊस काय झिजवणार! पण तो उन्हाची धग धरून ठेवतो, आणि मे महिन्यातल्या दुपारी त्यावर बसणं म्हणजे शिक्षा. आपल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी दगडाची बैठक मोकळ्या माळावर न मांडता वडाच्या, पिंपळाच्या बुंध्याभोवती पार बांधला. दगड टिकाऊपणा देतो, झाड सावली देतं. काळा कडप्पा आणि शहाबादी फरशी याही ओट्यावर चांगल्या, पण त्या चुनखडीच्या जातीच्या असतात. लिंबाचं सरबत किंवा ताक सांडून राहिलं तर त्यांची झिलई जाते आणि डाग कायमचा बसतो. बागेत जेवणाचं टेबल करायचं असेल तर हे लक्षात ठेवावं.

लोखंडाचं नशीब समुद्रापासूनच्या अंतरावर ठरतं. सार्वजनिक बागांमधले बिडाच्या पायांचे आणि लाकडी पट्ट्यांचे बाक आपण सगळ्यांनी पाहिलेत. बीड जड असतं, वाऱ्यानं हलत नाही, आणि रंग वेळेवर दिला तर पिढ्या काढतं. कोरड्या हवेच्या गावात ते उत्तम. किनाऱ्यावर मात्र मिठाचा वारा रंगातल्या बारीकशा ओरखड्यातून आत शिरतो. तिथे लोखंड हवंच असेल तर जस्ताचा मुलामा दिलेलं घ्यावं. लोखंडाच्या आधी जस्त स्वतः झिजतं आणि तोवर लोखंड शाबूत राहतं. स्टेनलेस स्टीललाही समुद्रकाठी तांबूस ठिपके येतात. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ३०४ जातीपेक्षा ३१६ जात तिथे जास्त टिकते, कारण तिच्यात मॉलिब्डेनम असतं. अ‍ॅल्युमिनियमवर त्याचं स्वतःचंच ऑक्साइडचं पातळ कवच चढतं आणि ते आतल्या धातूला सांभाळतं. ते हलकंही असतं, त्यामुळे घरातली म्हातारी माणसं खुर्ची एकट्यानं उचलून सावलीत नेऊ शकतात. पावडर कोटिंग केलेलं अ‍ॅल्युमिनियम गच्चीवरच्या बागेला म्हणूनच साजतं. गच्चीवर वजनाचाही विचार करावा लागतो.

बांबूवर माझा जीव आहे, म्हणून त्याची मर्यादा आधी सांगते. बांबूत स्टार्च असतो आणि त्यावर भुंगा येतो. आठवडाभरात खुर्चीखाली पिवळ्या पिठाच्या राशी दिसू लागतात. म्हणून तोडलेला बांबू वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायची जुनी रीत आहे, आणि बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवायची नवी. पण हे औषध सततच्या पावसात धुऊन जातं. उघड्या अंगणात बांबू ठेवला की तो हरतो, पडवीत ठेवला की वर्षानुवर्षं साथ देतो. सिंधुदुर्गातला माणगा हा जवळजवळ भरीव बांबू फर्निचरला फार चांगला, आणि कुडाळच्या कॉनबॅक संस्थेनं त्यातून काय काय घडू शकतं हे दाखवून दिलंय. २०१७ मध्ये वनकायद्यात बदल होऊन जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या यादीतून निघाला आणि शेतकऱ्याला आपल्या बांधावरचा बांबू तोडून विकणं सोपं झालं. तीन-चार वर्षांत तोडणीला येणारं हे गवत आहे. साग वाढायला माणसाचं आयुष्य लागतं. पडवी असेल त्यानं बांबूच घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

प्लास्टिकच्या खुर्चीला हसण्याचं कारण नाही. लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या आरतीला, शोकसभेला, झोपडीपुढच्या हातभर जागेत तिनं माणसांना जमिनीवरून उठवून बसवलं. पण तिच्या पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकला ऊन सोसत नाही. रंग फिका पडतो, पृष्ठभाग खडूसारखा होतो, आणि एके दिवशी वजनदार पाहुण्याखाली पाय मोडतो. मोडलेल्या लाकडाला पाचर मारता येते, लोखंडाला वेल्डिंग करता येतं, या खुर्चीला काहीच करता येत नाही, आणि तिचा भुगा मातीत जातो. उन्हात कायम ठेवायचं असेल तर अतिनील किरणांना रोखणारी द्रव्यं घातलेलं जाड एचडीपीई प्लास्टिक विचारून घ्यावं. दुरुस्त होईल ते घ्या, हा माझा सगळ्या साहित्यांना लावायचा नियम आहे.

साहित्य ठरलं की घडण तपासावी. पाय थेट मातीत रोवू नयेत, खाली दगड किंवा फरशीचा तुकडा द्यावा; लाकूड आपल्या कापलेल्या टोकांतून सगळ्यात जास्त पाणी ओढतं आणि बाकाच्या पायाचं कापलेलं टोक नेमकं खालीच असतं. बसायच्या पट्ट्यांमध्ये बोटभर फट असावी आणि बैठकीला मागे किंचित उतार असावा, म्हणजे पाणी ओघळून जातं. बैठक जमिनीपासून सतरा-अठरा इंच उंच असावी आणि तिला हात असावेत. गुडघे दुखणाऱ्या आजीला उठताना त्या हातांचाच आधार असतो. हात नसलेला बाक छायाचित्रात सुंदर दिसतो, पण घरातलं सगळ्यात मोठं माणूस त्यावर बसायचं टाळतं.

आणि एवढं सगळं पाहून आणलेल्या बाकावर पावसाळाभर प्लास्टिकचं कापड गुंडाळून ठेवू नका. आत वाफ कोंडते आणि उघड्यावर जे कुजलं नसतं ते झाकणाखाली कुजतं. त्याला भिजू द्या, वाळू द्या, आणि रोज थोडा वेळ त्यावर बसा. रोज बसणाऱ्यालाच सैल झालेला स्क्रू जाणवतो, पायाशी चढू लागलेली वाळवीची माती दिसते, सांध्यात साचलेला पाचोळा काढावासा वाटतो. ज्या बाकावर कुणी बसत नाही, त्याला मलबारचं सागवानही वाचवू शकत नाही.