त्रेपन्न की पन्नास तीन?

शाळांचा दर्जा घसरला, हे वाक्य आपल्याकडे वडिलोपार्जित आहे. आजोबांनी ते वडिलांच्या शाळेविषयी म्हटले, वडिलांनी आमच्या शाळेविषयी म्हटले, आणि आता आम्ही ते मुलांच्या शाळेविषयी मोठ्या समाधानाने म्हणत असतो. पण २०१९ च्या जूनमध्ये या वाक्याला जो बहर आला, तो काही औरच होता. निमित्त होते बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाचे. सत्तावीस ही संख्या ‘वीस सात’ अशी वाचावी, त्रेपन्न ही ‘पन्नास तीन’ अशी, असे त्यात सुचवले होते. झाले! वर्तमानपत्रांत पत्रांचा पाऊस पडला, विधिमंडळात थट्टा झाली, आणि लोकलच्या डब्यात मराठीच्या नावाने उसासे टाकले गेले.

मी मराठी शिकवतो म्हणून आमच्या इमारतीतले अण्णा तर तडक घरीच आले. अण्णांनी ऐंशी ओलांडली आहे. “अहो प्रोफेसर, तुम्ही गप्प कसे? आमच्या वेळी तीसपर्यंत पाढे, शिवाय पावकी, निमकी, औटकी!”

मी विचारले, “अण्णा, औटकी शेवटची कधी उपयोगी पडली?”

औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. रुपयाचे सोळा आणे होते तोवर अशा पाढ्यांवाचून बाजारात निभाव लागत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि औटकीने हळूहळू शाळेचा निरोप घेतला. तेव्हाही दर्जा घसरल्याचे कोणीतरी म्हटलेच असेल.

त्रेपन्न हा शब्द मलाही प्रिय आहे. संस्कृतातून प्राकृतात आणि तिथून मराठीत येता येता तो नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला आहे. पण सहा-सात वर्षांच्या पोराच्या जागी बसून पाहा. ‘त्रेपन्न’मध्ये त्याला तीन आधी ऐकू येतात, पन्नास मागून. ऐकले तसे तो बिचारा ३५ लिहितो, आणि आपण त्याला ढ ठरवतो. एकोणसाठात तर नऊ कुठेच ऐकू येत नाहीत. साठ ऐकायचे आणि पाच लिहायला घ्यायचे! एकोणऐंशी, एकोणनव्वद या चालीची सवय होते न होते, तोच नव्व्याण्णवला चाल बदलते.

गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर हेच सांगत होत्या. २०२३ मध्ये त्या गेल्या. कन्नड, तेलुगू, तमिळ या शेजारच्या भाषांत दशक आधी येतो, एकक नंतर. नॉर्वेने तर १९५१ साली सरकारी निर्णयानेच तीन-आणि-पन्नासचे पन्नास-तीन केले. दूरध्वनीचे क्रमांक सांगताना होणारे घोटाळे हे त्याचे एक कारण. तरी जुनी पद्धत तिथल्या बोलण्यातून पुरती गेली नाही. आपल्या पुस्तकातही जुनी नावे होतीच. नवी सोबतीला आली होती.

खरी गंमत पुढेच आहे. अण्णांचा नातू तेवढ्यात त्यांना बोलवायला आला. मी त्याला म्हटले, “एकोणसत्तर लिही पाहू.” तो म्हणाला, “म्हणजे सिक्स्टी नाइन ना, काका?” अण्णा खिडकीबाहेर पाहू लागले. ज्या घरांतून त्रेपन्नासाठी गळा काढला गेला, त्यांतल्या कितीतरी घरांतली मुले ‘फिफ्टी थ्री’ म्हणतात. आणि फिफ्टी थ्री म्हणजे शब्दशः पन्नास तीनच की! तीच सोय इंग्रजीतून आली तर प्रगती, मराठीतून आली तर ऱ्हास!

आपल्या मुलांचे यात काही बिघडत नाही. प्रश्न आहे तो वाडीवस्तीवरच्या शाळेतल्या, घरी शिकवायला कोणी नसलेल्या मुलाचा. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी जेमतेम एक-तृतीयांश मुलांना वजाबाकी जमली. याला केवळ संख्यांची नावे कारण आहेत, असे मी म्हणणार नाही. पण हातचा घ्यायचा तर आधी दशक कळावा लागतो, आणि ‘पन्नास तीन’मध्ये तो उघड दिसतो. जिना उभा चढाचा आहे म्हणून घर मोठे ठरत नाही. वर किती जण पोचले, ते पाहायचे.

मग त्रेपन्न सोडून द्यायचे? मुळीच नाही. मुलाला आधी पन्नास तीन कळू द्या. मग आजीच्या तोंडचे त्रेपन्न त्याच्या ओठी बसवायला कितीसा वेळ? मात्र ते घरात रोज बोलायला हवे. एरवी आपण त्रेपन्नासाठी कडाकडा भांडू, आणि दुकानदाराने एकोणऐंशी रुपये मागितले की म्हणू, “जरा मोबाइलवर आकडा दाखवता का?”